अपघातानंतरच्या मानसिक आघातावर ऑनलाइन थेरपी चालते का?

तुमच्या भावाचा नागपूरच्या वर्धा रोडवर अपघात झाला, सहा महिने झाले तरी ट्रकचा हॉर्न ऐकला की तो घामाघूम होतो आणि दवाखान्यात यायला तयार नाही, असं तुम्ही लिहिलंय. तर हो, ऑनलाइन थेरपी चालते. नुसत्या गप्पा मात्र पुरत नाहीत. आघातावरची खास सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) किंवा ईएमडीआर (डोळ्यांची हालचाल करत त्या आठवणीवर काम करायची थेरपी) येणारा माणूस हवा. हे पहिल्याच फोनवर स्पष्ट विचारा, आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणीही विचारून घ्या.

या सीबीटीच्या एका पद्धतीत डोळे मिटून तो प्रसंग आत्ताच घडतोय असा सांगायचा असतो. त्याचं रेकॉर्डिंग रोज घरी ऐकायचं. मग टाळलेल्या जागी हळूहळू जायचं, आधी चौकाच्या कडेला नुसतं उभं राहायचं. सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटतो आणि तिथेच बरेच जण सोडून देतात. त्याला तेवढे दिवस सांभाळा.

घरात एकांत नसेल तर उभ्या गाडीत इअरफोन लावून बसू द्या. दारामागे उभं राहून ऐकू नका, खरंच नका.

इंग्लंडमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना देणाऱ्या नाइस या संस्थेने २०१८ मध्ये तज्ज्ञाच्या मदतीने संगणकावरून होणारी सीबीटी सुचवली, पण त्रास तीव्र असेल किंवा जिवाला धोका असेल तर नाही. तो मरणाचं बोलत असेल, भान हरपत असेल तर थांबू नका, प्रादेशिक मनोरुग्णालय किंवा मिहानमधलं एम्स गाठा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.