मेल नक्की आला कुठून?

तुम्हाला धमकीचा मेल आलाय आणि तो कुठून आला ते शोधायचंय, म्हणून आधी एकच सांगतो: तो डिलीट करू नका आणि उत्तरही देऊ नका. वर दिसणाऱ्या पाठवणाऱ्याच्या नावावर तर मुळीच जाऊ नका. पाकिटामागे कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतो, तसंच ते आहे.

जीमेल संगणकावर उघडा, मेलच्या उजवीकडच्या तीन टिंबांवर जाऊन 'शो ओरिजिनल' निवडा. मेलचा हेडर, म्हणजे त्याच्या प्रवासाची नोंद, उघडेल. त्यातल्या 'रिसीव्हड'ने (Received) सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे वाटेतल्या टपाल कचेऱ्यांचे शिक्के. प्रत्येक सर्व्हर, म्हणजे मेल पुढे पोचवणारा संगणक, आपला शिक्का वरच्या बाजूला मारतो, म्हणून वाचायचं खालून वर. पण अगदी खालच्या ओळी पाठवणारा स्वतःही घुसडू शकतो. खात्रीची ओळ तुमच्याच सर्व्हरने लिहिलेली. तिथे मेल कुठल्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरच्या संगणकाचा आकडी पत्ता) हाती आला ते कळतं. '१९२.१६८.' किंवा '१०.' ने सुरू होणारे पत्ते सोडून द्या, ते घरातल्या-ऑफिसातल्या नेटवर्कचे असतात.

माझ्या आत्याला बँकेच्या नावाने मेल आला होता. त्याच 'शो ओरिजिनल'मध्ये एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच त्या नावाच्या संस्थेकडून आला का, हे तपासणाऱ्या दोन चाचण्या) दोन्हींपुढे 'फेल' होतं. मेल बनावट, तेवढ्यावरच विषय संपला.

एक मर्यादा मात्र आहे. समोरच्याने ब्राउझरमधून जीमेल वापरलं असेल, तर गुगलचाच पत्ता दिसेल, त्याचा नाही. आयपीवरून फार तर शहराचा अंदाज येतो, घर कधीच नाही. माणसाचं नाव मेल किंवा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडून पोलीसच कायदेशीर मागणी करून काढतात. पूर्ण हेडर जपून ठेवा आणि सायबर पोलिसांकडे द्या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा.