कुत्र्याला दार बंद, मग मांजराचं काय?

प्रश्न : माझं खाद्यपदार्थांचं छोटं दुकान आहे. काही माल बंद पाकिटांत, काही सुटा, काउंटरवर ट्रेमध्ये. नेहमीच्या एक गिऱ्हाईक बाई आपलं लहानसं कुत्रं कडेवर घेऊन येतात. बरेच महिने मी काही बोललो नाही. परवा कुत्र्यानं मान लांब करून ट्रेला नाक लावलं, रांगेतल्या एका गृहस्थांनी आवाज चढवला, आणि मी बाईंना 'कुत्रं बाहेर ठेवून या' म्हणालो. त्यांचं म्हणणं असं, की हे कुत्रं डॉक्टरांनी मानसिक आधारासाठी सुचवलंय, त्याला अडवणं म्हणजे त्यांच्याशी भेदभाव आहे, आणि इतके दिवस चाललं ते आजच का चालेना? जाताना म्हणाल्या, 'तुमच्या गोदामात मांजर फिरतं ते चालतं? वकिलाची नोटीस पाठवते.' उंदरांसाठी मी खरंच एक मांजर पाळलंय. वकीलसाहेब, माझं काही चुकलं का? नोटीस आली तर काय करू?

उत्तर : कुत्रं बाहेर ठेवायला सांगितलंत, त्यात तुमचं काही चुकलं नाही. इतके महिने सांगितलं नाहीत, ते चुकलं. मांजराच्या बाबतीत मात्र बाईंचा नेम बरोबर बसलाय. त्याकडे येतोच. (आणि त्या ट्रेमधला माल नंतर विकला नसेल, अशी आशा करतो.)

या विषयावर भांडणारी दोन्ही माणसं बहुधा एकाच गैरसमजात असतात. दुकानदार म्हणतो, दुकान माझं, मी ठरवीन. गिऱ्हाईक म्हणतं, पैसे मोजतो, मला हक्क आहे. अन्नस्वच्छतेचा कायदा या वादात पडतच नाही. तो गिऱ्हाइकाला 'कुत्रं नेऊ नकोस' असं सांगत नाही. धंदा चालवणाऱ्याला 'आत येऊ देऊ नकोस' असं सांगतो. तपासणीला अधिकारी आले तर शेरा तुमच्या नावावर पडतो, बाईंच्या नाही. म्हणजे परवानगी देणं हा तुमचा मोठेपणा नव्हता, कारण ती मुळात तुमच्या हातात नव्हती.

तुम्ही कुठून लिहिताय ते पत्रात नाही, पण या प्रश्नात त्यानं फारसं अडत नाही. कलमांचे आकडे बदलतात, गाभा तोच राहतो. भारतात २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली परवाने देण्याचे २०११ चे नियम आहेत. त्यांच्या चौथ्या अनुसूचीत स्वच्छतेच्या अटी आहेत, आणि प्राणी, पक्षी, पाळीव जनावरं यांना खाद्यपदार्थांच्या जागेत येऊ देऊ नये, हे तिथे सरळ लिहिलंय. युरोपीय संघाचा २००४ चा ८५२ क्रमांकाचा नियम म्हणतो, की अन्न जिथे तयार होतं, हाताळलं जातं किंवा साठवलं जातं तिथे पाळीव प्राणी पोचणार नाहीत अशी व्यवस्था हवी. खास बाब म्हणून अधिकारी सूट देऊ शकतात, पण तेव्हाही प्राण्यामुळे अन्न दूषित होणार नाही याची तजवीज करावीच लागते. अमेरिकेत केंद्राची नमुना अन्नसंहिता आहे आणि राज्यं ती आपापल्या परीनं स्वीकारतात. तिचा मूळ नियम 'जिवंत प्राणी नको' हाच आहे आणि त्याला मोजके अपवाद आहेत : टाकीतले मासे, पोलिसांची गस्तीची कुत्री, अपंग व्यक्तीसोबतचं सहाय्यक जनावर, असे. २०२२ च्या आवृत्तीत उघड्यावरच्या जेवणाच्या जागेत पाळीव कुत्र्यांना, तेही अधिकाऱ्यांच्या मंजुरीनं, थोडी वाट करून दिली. तुमचा काउंटर उघड्यावर नाही.

'पण ते कडेवर होतं, जमिनीला पाय लागला नव्हता' हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकलाय. नियम प्राणी आत पोचण्याबद्दल बोलतो, पायांच्या ठशांबद्दल नाही. शिवाय जमिनीवरचं कुत्रं निदान ट्रेपासून लांब असतं. कडेवरचं नेमकं काउंटरच्या उंचीला येतं. परवा तेच झालं. निव्वळ बंद पाकिटं विकणाऱ्या दुकानात एखादा अधिकारी थोडं सैल धोरण ठेवीलही. सुटा माल असला की ती शक्यता संपते.

'इतके दिवस चाललं' यानंही हक्क तयार होत नाही. कायद्यानं घातलेलं बंधन तुम्ही पाळलं नाहीत म्हणून ते बंधन सुटत नाही, आणि तुमच्या ढिलाईवर दुसऱ्या कुणाला दावा सांगता येत नाही. फक्त आता सगळ्यांना सारखा नियम लावा. उद्या एखाद्या ओळखीच्या माणसाचं कुत्रं आत दिसलं, तर भेदभावाचा आरोप तुम्हीच बाईंच्या हातात द्याल.

आता मानसिक आधाराचा मुद्दा. इथे घाई करू नका, कारण दुकानदार फसतात ते इथेच. सोबत असल्यानं बरं वाटतं असं पाळीव कुत्रं वेगळं, आणि अपंगत्वाशी निगडित ठरावीक काम करायला शिकवलेलं सहाय्यक कुत्रं वेगळं. अमेरिकेच्या १९९० च्या अपंगविषयक कायद्याखालचे नियम ही रेघ फार स्वच्छ ओढतात. नुसता धीर देणारं कुत्रं सहाय्यक धरलं जात नाही, डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी. पण भीतीचा झटका येतोय हे ओळखून तो टाळायला किंवा सावरायला ठरलेली कृती करायचं ज्याला शिकवलंय, ते कुत्रं सहाय्यकच. म्हणून 'मानसिक' हा शब्द ऐकून हसायचं नाही, विचारायचं. तिथे गरज उघड दिसत नसेल तर दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात : हे सहाय्यक कुत्रं अपंगत्वामुळे लागतं का? आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? आजार कोणता हे विचारायचं नाही, कागद मागायचा नाही, 'करून दाखवा' म्हणायचं नाही. ऑस्ट्रेलियाचा १९९२ चा कायदा मात्र पुरावा मागू देतो. भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं तिसरं कलम दिव्यांगत्वाच्या कारणानं भेदभाव करायला मनाई करतं. केलेली गोष्ट वाजवी आणि योग्य हेतूनं केली हे दाखवता आलं, तरच सूट मिळते. तुमच्याकडे कोणता नियम लागू आहे ते स्थानिक वकिलाकडून खातरी करून घ्या. वरचे दोन प्रश्न तेवढे मला कुठेही सभ्य वाटतात.

बाईंनी तुम्हाला जे सांगितलं त्यावरून त्यांचं कुत्रं पहिल्या प्रकारातलं दिसतं. 'आधार देतं' हे कामाचं वर्णन होत नाही. पण तुम्ही विचारलंच नसेल, तर पुढच्या वेळी आल्या की शांतपणे विचारा. त्यांनी एखादं शिकवलेलं काम सांगितलं, तर माझं वरचं उत्तर बदलतं. मग रांगेतल्या गृहस्थांना कुत्र्याची भीती वाटते किंवा ॲलर्जी आहे, एवढ्या कारणानं कुत्रं अडवणं अमेरिकेत तरी चालत नाही. मात्र सहाय्यक कुत्रंही मालकाच्या काबूत लागतं. ते ट्रेला नाक लावत असेल आणि मालक आवरत नसेल, तर त्याला बाहेर काढायला सांगता येतं. माणसाला मात्र माल द्यावाच लागतो. आणि गिऱ्हाइकांच्या जागेपलीकडे, म्हणजे स्वयंपाकाच्या बाजूला, तेही जात नाही.

दारावर पाटी लावा, पण नुसती 'कुत्र्यांना मनाई' अशी नको. एखादी अंध व्यक्ती मार्गदर्शक कुत्र्यासह आली आणि तुमच्या पोऱ्यानं पाटीकडे बोट दाखवलं, तर त्या दिवशी खरोखरच तुमचं चुकेल. 'पाळीव प्राणी आत आणू नयेत. दिव्यांग व्यक्तींच्या सहाय्यक कुत्र्यांना प्रवेश आहे.' एवढा मजकूर पुरे.

आता मांजर. 'तुमचं मांजर चालतं, मग माझं कुत्रं का नाही' हा बाईंचा बचाव होत नाही. एकाच्या नियमभंगानं दुसऱ्याला मोकळीक मिळत नाही. पण त्यांनी नोटिशीऐवजी अन्नसुरक्षा अधिकाऱ्याला दोन ओळींचं पत्र टाकलं, तर अडचणीत तुम्हीच याल. 'गिऱ्हाईक तिकडे जात नाही' म्हणून काही सुटका नाही, कारण वर सांगितलेल्या नियमांत साठवणीची जागाही येते. भारतात असाल तर २००६ च्या कायद्याच्या ३२ व्या कलमाखाली सुधारणेची नोटीस निघू शकते. तिच्यात किमान १४ दिवसांची मुदत असते. तेवढ्यात सुधारणा झाली नाही तर परवाना निलंबित होऊ शकतो, पुढे रद्दही.

मांजर उंदीर मारतं म्हणून ते स्वच्छतेच्या बाजूचं, ही समजूत जुनी आहे आणि उलटी आहे. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराला बहुतेकदा शिकारीतूनच मिळतो, आणि त्याची अंडीसदृश कवचं मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात. एक ते पाच दिवसांत ती लागण करण्याजोगी होतात. गर्भवतींना तो का टाळायला सांगतात, ते डॉक्टरांना विचारा. म्हणजे उंदरांवर जगणारं मांजर पोत्यांमध्ये निजतं, तेव्हा तुम्ही एक त्रास काढून दुसरा आत घेतलेला असतो. त्यापेक्षा फटी बुजवा. पेन्सिल शिरेल एवढी फट उंदराच्या पिल्लाला पुरते. दाराखाली पट्टी लावा, माल जमिनीवरून उचलून घडवंचीवर आणि भिंतीपासून सुटा ठेवा, कीडनियंत्रणवाल्याला ठरवून बोलवा आणि त्याच्या प्रत्येक भेटीची पावती फाईलला लावा. अधिकाऱ्यापुढे ती फाईल बोलते, मांजर नाही. मांजर घरी न्या किंवा कुणाला तरी नीट द्या. रस्त्यावर सोडू नका. पाळलेलं जनावर वाऱ्यावर सोडणं हा भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि इतर अनेक देशांतही.

नोटिशीचं म्हणाल, तर नोटीस म्हणजे दावा नव्हे, पण ती खिशात घालून बसायचं नाही. मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या. कॅमेरा असेल तर त्या दिवसाचं चित्रण आजच काढून ठेवा, कारण जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. आवाज चढवणाऱ्या गृहस्थांचं नाव-पत्ता मिळतो का पाहा. उत्तरातलं मुख्य वाक्य असं हवं : मनाई कुत्र्याला होती, बाईंना नव्हती, त्यांना माल द्यायची आमची तयारी होती आणि आहे. दाराशी आणून देतो असं तुम्ही त्या वेळी म्हणाला होतात का, ते पत्रात नाही. म्हणाला असाल तर लिहा. नसाल तर आजपासून तसं सांगायला लागा, पण परवा म्हणालो असं लिहू नका, चित्रणात ते ऐकू येणार नाही. मांजराचा उल्लेख नोटिशीत आला तर खोटं नाकारू नका. ते कधी हलवलं तेवढंच लिहा आणि तारीख खरी लिहा. बाईंनी बाहेर तुमच्याविरुद्ध काही लिहिलं, तर उलट त्यांच्या मानसिक प्रकृतीबद्दल अवाक्षरही काढू नका. भेदभावाच्या तक्रारीत जो पुरावा आज त्यांच्याकडे नाही, तो तुम्ही स्वतःच्या अक्षरात पुरवाल.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण पुढे येणारच. कुत्रं बाहेर ठेवा म्हटलं की गिऱ्हाईक म्हणतं, 'मग जरा धरता का?' धरू नका, पोऱ्यालाही धरू देऊ नका. दोरी हातात घेतली की कुत्रं तुमच्या ताब्यात आलं. ते कुणाला चावलं किंवा रस्त्यावर पळालं तर विचारणा तुमच्याकडेही होईल. भारतीय न्याय संहितेचं २९१ वं कलम प्राणी ज्याच्या ताब्यात असेल त्याच्यावरच खबरदारीची जबाबदारी टाकतं. शिवाय तेच हात परत सुट्या मालाला लागतात. दारापासून थोडं बाजूला, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येणार नाही अशा जागी भिंतीत एक कडी बसवा. बांधायचं मालकानं, सोडायचंही मालकानं.