भावंडांच्या क्षमतेची तुलना करताना

आपण नव्यानेच शारीरिक क्षमतेच्या चाचण्या घेऊ लागला आहात, म्हणून सुचवतो. सख्ख्या भावंडांची आनुवंशिक जडणघडण सरासरी निम्मी समान असते आणि घरही एकच असते. त्यामुळे त्यांचा दमसास किंवा पकडीची ताकद मिळतीजुळती निघाली, तरी ती केवळ रक्ताची देणगी मानू नये. तुलना एकाच दिवशीच्या आकड्यांची नव्हे, तर समान वयातील नोंदींची करावी. पौगंडावस्थेत तेवढेही पुरत नाही, कारण मुलींची उंची साधारण १२व्या, तर मुलांची १४व्या वर्षाच्या सुमारास सर्वांत वेगाने वाढते आणि दोन सख्ख्या भावांतही हा काळ मागेपुढे होतो. पकड मोजताना धाकट्याच्या हाताला यंत्राची मूठ मोठी पडते. ती आधी जुळवून घ्यावी, नाहीतर फरक मुलांचा नव्हे, मुठीचाच नोंदवला जाईल.