नागपूरहून दुपारी नवी मुंबई विमानतळावर उतरून रात्री 3 ची फ्लाइट मुंबईच्या टी-टू वरून आहे, सोबत आई आहे, मधले 13 तास कसे घालवायचे?

तुम्ही लिहिलंय की दुपारी दोनला नवी मुंबईला उतरणार, पुढची दोह्याची फ्लाइट सहारच्या टी-टू, म्हणजे मुंबई विमानतळाच्या टर्मिनल 2 वरून, रात्री तीनला, तिकिटं वेगवेगळी काढलीयत, सोबत 66 वर्षांची आई आणि तीन मोठ्या बॅगा, आणि खाली बऱ्याच जणांनी सांगितलंय की सरळ टॅक्सी करून टी-टूला जा आणि आत बसून राहा. मी नेरूळला राहते, माहेर ठाण्याचं, आणि मागच्या वर्षी माझ्या आईला घेऊन बहिणीच्या बाळंतपणाला जर्मनीला गेले होते म्हणून अगदी मनापासून सांगते, तसं करू नका.

कारण सांगते. टी-टूच्या गेटवर तिकीट आणि ओळखपत्र बघून आत सोडतात आणि फार तास आधी गेलात तर सोडतीलच असं नाही, आणि समजा सोडलं तरी चेक-इनचे काउंटर आंतरराष्ट्रीय फ्लाइटच्या साधारण तीन-चार तास आधी उघडतात. म्हणजे तोपर्यंत बॅगा तुमच्याच गळ्यात. बॅगा दिल्याशिवाय इमिग्रेशनला जाता येत नाही, लाउंज, बरी खुर्ची, शांत कोपरा जे काय आहे ते सगळं बहुतेक त्याच्या पलीकडे. मी एकदा दुसऱ्या एका शहरात हे केलंय, संध्याकाळी पाचला पोचले आणि फ्लाइट रात्री दोनची, ट्रॉलीला पाय लावून लोखंडी खुर्चीवर बसलेले, बाथरूमला जायचं तरी शेजारच्या अनोळखी बाईला "जरा बघाल का" म्हणायचं आणि सगळा जीव मागे बॅगेत. तेव्हाच मला कळलं की आपल्याला वेळ जड होत नसतो, राखण जड होते. म्हणून आधी बॅगांची सोय लावा, मग तेरा तासांचं ओझं आपोआप अर्धं होतं.

आणि त्याच्याही आधी एक गोष्ट आत्ता लगेच उठून बघा, तिकिटावरची तारीख. रात्री तीन म्हणजे पुढची तारीख लागते. समजा 14 तारखेला दुपारी उतरताय तर पुढचं तिकीट 15 तारखेचं पाहिजे. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी नेमकं उलटं केलं होतं, विमानतळावर गेले तेव्हा त्यांचं विमान आदल्या रात्रीच उडून गेलेलं. आणि तिकिटं वेगळी असल्यामुळे नागपूरला दिलेली बॅग नवी मुंबईला पट्ट्यावरून उचलायचीच आहे, ती आपोआप पुढे जाणार नाही, हे आईलाही सांगून ठेवा म्हणजे ती उतरल्यावर निवांत बाहेर चालायला लागणार नाही.

आता दुपार. नेरूळ, बेलापूर किंवा वाशीला दुपारी तीन ते रात्री दहा अशी एक रूम घ्या. बरीच हॉटेलं दिवसापुरती रूम देतात, आधी फोन करून विचारा, आईचं आणि तुमचं आधार जवळ ठेवा. तुम्हाला वाटेल कशाला पैसे घालवायचे, पण सहासष्टाव्या वर्षी पाठ टेकायला मिळणं याची किंमत रात्री दोन वाजता कळते. त्या दिवशी आई नागपूरच्या घरून सकाळी दहा-अकरालाच निघालेली असणार, आणि दोह्याला पोचून घरी जाईपर्यंत दुसरा दिवस उजाडून वर येणार. मध्ये तीन तास आडवं होणं, अंघोळ, कपडे बदलणं, पायाला तेल चोळणं हे झालं ना की माणूस पुन्हा नवीन होतो. नेरूळ-सीवूड्सला कोणी नातेवाईक असतील तर उत्तमच, आपल्याकडे संकोच करतात लोक, पण चार तास झोपायला येतोय म्हटलं तर कुठली मावशी नाही म्हणेल.

विमानतळावरून बाहेर पडताना आईला थोडं सांगा की आपण कुठे उतरलोय. विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं आणि प्रवासी विमानं 25 डिसेंबरपासून सुरू झाली, पण या जागेचा इतिहास त्याच्या कितीतरी आधीचा आहे. इथे उलव्याची टेकडी होती, ती कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, आणि चिंचपाडा, कोंबडभुजे, तरघर अशी दहा गावं उठली. माझ्या मैत्रिणीचं सासर त्यातलंच, तिची सासू अजूनही घराचा पत्ता सांगताना जुन्या गावाचंच नाव घेते. विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून 2021 मध्ये इथल्या भूमिपुत्रांनी मानवी साखळी केली, नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी सिडकोला घेराव घातला, आणि दिबा कोण हे बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते, जानेवारी 1984 मध्ये जासईच्या शेतकरी आंदोलनात गोळीबार होऊन पाच माणसं गेली त्या लढ्याचे ते नेते, आणि पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याची योजना आली ती त्या लढ्यामुळे. मला हे सांगावंसं वाटतं कारण लोक चकाचक छत बघून फोटो काढतात आणि निघून जातात.

संध्याकाळी, झोप झाल्यावर, नोव्हेंबर ते मे या काळात येत असाल तर आईला फ्लेमिंगो दाखवा. सीवूड्सच्या मागे डीपीएस तलाव आहे. फक्त भरतीची वेळ आधी मोबाइलवर बघून जा, कारण हे पक्षी ओहोटीला खाडीच्या उघड्या चिखलात खात असतात आणि भरतीचं पाणी चढून चिखल बुडला की उडून या पाणथळीत येऊन एका पायावर उभे राहतात. ओहोटीला गेलात तर नुसतं पाणी आणि डास. भरती दुपारी तीन-चारची असेल तर झोप नंतर घ्या, आधी पक्षी बघा, उजेड पाहिजे. पावसाळ्यात येत असाल तर हे सोडून द्या आणि नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई या बागेत तळ्याभोवती जितकं चालवेल तितकं चाला, पाऊस असला तर सीवूड्स स्टेशनवरचाच मॉल, तिथे एसी आहे, बाथरूम स्वच्छ आहे, आईला सरकता जिना नको असेल तर लिफ्ट आहे. अजून लांब कुठे जाऊ नका. कोणीतरी तुम्हाला गेटवे आणि मरीन ड्राइव्ह सुचवलंय, अटल सेतूवरून होतं म्हणे पटकन, जाणं होतं हो, पण तिथून सहारपर्यंत परत येताना संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये तुमचा जीव वरखाली होईल आणि आईला बाथरूम लागली तर गाडी कुठे थांबवणार.

जेवण संध्याकाळी साडेसात-आठला गरम आणि साधं, वरणभात किंवा भाकरी-भाजी, वाशी-नेरूळला मिळते. रात्रीसाठी नागपूरहूनच धपाटे किंवा दशम्या आणि कोरडी चटणी आणा. तेलाचं लोणचं, दही हे हँडबॅगेत ठेवू नका, सिक्युरिटीला काढून घेतात. आणि आईची देवाची पिशवी एकदा उघडून बघा, हे मी हात जोडून सांगते, काडेपेटी चालत नाही, कापूर चालत नाही, आणि सुक्या खोबऱ्याची वाटीसुद्धा चालत नाही कारण त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं. माझ्या आईने ओटीसाठी पाच वाट्या घेतल्या होत्या, त्या घरीच काढल्या म्हणून बरं, नाहीतर तिथे काढायला लावल्या असत्या आणि तिला अपशकुन वाटला असता. पॉवर बँक उलटं, ती हँडबॅगेतच पाहिजे, चेक-इनच्या बॅगेत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट हातातल्या पर्समध्ये.

रात्री दहाच्या सुमारास निघा. नेरूळहून वाशी पूल, मानखुर्द, चेंबूर करत सहार, रस्ता मोकळा असला तर तासाभरात होतं, आणि लहान गाड्यांचा वाशीचा टोल 2024 मध्येच बंद झालाय, टॅक्सीवाला टोलचे पैसे वेगळे मागत असेल तर देऊ नका. सव्वाअकराला पोचलात की काउंटर उघडलेलेच असतील किंवा उघडायच्या बेतात असतील, बॅगा द्या, इमिग्रेशन, सिक्युरिटी, आणि आत. आईचे गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर एअरलाइनकडे दोन-तीन दिवस आधीच मागून ठेवा, त्यात लाज कसली, रांगेत उभं राहणं वाचतं. आत गेल्यावर पाण्याची रिकामी बाटली भरून घ्या.

आता उरले दोन-तीन तास, आणि फ्लाइट उशिरा झाली तर जास्त. आमची झाली होती. इमिग्रेशन झाल्यावर कळलं की तीनची फ्लाइट सकाळी आठला जाणार. मी तर रडकुंडीलाच आले होते, आईला काय वाटेल, तिला बसवेल का. मी तिला आधी भिंतीवरचं बघायला नेलं. टी-टू 2014 मध्ये सुरू झालं तेव्हापासून तिथे जय हे नावाचं कलादालन आहे, राजीव सेठींनी उभं केलेलं, सगळी भिंत मोजली तर तीन किलोमीटरच्या आसपास जाते, जुने कोरीव दरवाजे, झरोके, मूर्ती. आपल्याला जाताना त्यातला थोडाच भाग दिसतो पण तेवढाही खूप आहे. आई एका लाकडी झरोक्यासमोर थांबली आणि म्हणाली आमच्या आजोळी वाड्याला असाच होता, खालची पट्टी अशीच कमळाची. मग अर्धा तास ती त्या वाड्याबद्दल बोलत होती, मी 38 वर्षांची आहे, त्यातलं निम्मं मी पहिल्यांदा ऐकलं.

मग गेटजवळ येऊन बसलो. मी मोबाइल काढला, दोन सिरीजचे भाग डाउनलोड केलेले, आईला एक इयरफोन दिला. पंधरा मिनिटांत तिने काढून ठेवला, डोळे चुरचुरतायत म्हणाली. आणि पर्समधून एक प्लास्टिकची पिशवी काढली. कापूस. देवकापूस, सरकी काढून पिंजून आणलेला. मांडीवर रुमाल पसरला, चिमूटभर कापूस घेतला, बोटांनी ओढून पातळ केला, डाव्या तळहातावर ठेवून उजव्या हाताने एकदाच वळला, की झाली लांब वात. घरी ती बोटांना थोडी राख लावते म्हणजे कापूस घसरत नाही, इथे राख कुठली, तर तिने टाल्कम पावडरची छोटी डबी आणली होती. माझ्या बहिणीने सांगितलं होतं की तिकडे वाती मिळत नाहीत. एक झाली की रुमालाच्या कडेला सरळ ठेवायची, दहा झाल्या की दोऱ्याने जुडी बांधायची.

समोर एक आजी बसल्या होत्या, बहुतेक पंजाबी, मुलाकडे चाललेल्या. त्या बराच वेळ बघत होत्या, मग उठून आईच्या शेजारी येऊन बसल्या आणि न बोलता हात पुढे केला. आईने त्यांच्या तळहातावर कापूस ठेवला. त्या फुलवात करत होत्या, वर शेंडी काढून, आणि आमच्या आईला फुलवात नीट बसत नाही, तिची खाली चपटी होते, तर त्या आजींनी तिच्या बोटांना धरून दाखवलं कुठे पीळ द्यायचा ते. दोघींची भाषा निम्मी निम्मी एकमेकींना कळत होती. मी शेजारच्या तीन खुर्च्यांवर शाल घेऊन आडवी झाले, गजर सव्वासहाचा लावला आणि खरंच गाढ झोपले, कारण कोणीतरी जागं होतं आणि त्या जागेपणाला काम होतं. उठले तेव्हा बाहेर उजाडलेलं, बिस्किटाच्या डब्यात जुड्या रचलेल्या, आणि आई म्हणाली "अगं इतक्यात बोलवायला लागले का."

म्हणून सांगते, मोबाइल, सिनेमा हे ठेवाच, पण तुमच्या आईच्या हाताला ज्याची सवय आहे ते तिच्या पर्समध्ये असू द्या. वाती नसतील तर क्रोशा, पण सुई आत नेऊ देतील का ते एअरलाइनला विचारून घ्या. जपमाळ असेल, वहीत नाम लिहायची असेल, नातवासाठी जुन्या गोष्टी लिहून काढायच्या असतील. तुम्ही स्वतः दर तासाला तिला उठवून एक फेरी मारा, गेटपासून बाथरूमपर्यंत का होईना, नुसतं बसून पाय सुजतात आणि पुढे विमानात अजून सुजतात. बोर्डिंगचं गेट बदलू शकतं, तर दर अर्ध्या तासाने एकाने स्क्रीन बघायची. दोघं एकदम झोपू नका, आणि झोपलातच तर बोर्डिंगच्या पाऊण तास आधीचा गजर दोन्ही फोनवर.

कापूस हँडबॅगेत चालतो, आम्हाला कोणी अडवलं नाही, फक्त स्कॅनरमधून गेल्यावर एका बाईने पिशवी उघडून दाखवा म्हणून सांगितलं, बघितलं आणि हसून परत दिली. दोरा आधीच तुकडे करून न्या, कात्री घरी ठेवा.