आकाश कुणाचं, हिरवळ कुणाची?

प्रश्न: आम्ही कॅलिफोर्नियात एचओए (घरमालकांची संस्था) असलेल्या वसाहतीत राहतो. मुलाला बाराव्या वाढदिवसाला 249 ग्रॅमचा ड्रोन दिला. क्लबहाउसमागच्या हिरवळीवरून त्यानं तो दोनदा उडवला, तर लगेच पत्र आलं: 'ड्रोनला मनाई आहे, 100 डॉलर दंड भरा.' शेजारच्या बाईंनी तक्रार केली म्हणे. आकाश काय एचओएच्या मालकीचं आहे? दंड भरू की भांडू?
– एक वैतागलेला बाबा

उत्तर: आकाश त्यांचं नाही. हिरवळ मात्र त्यांची आहे, आणि तुमचा ड्रोन हिरवळीवरूनच उडाला.

उड्डाणाचे नियम एफएए ही अमेरिकेची केंद्रीय विमान वाहतूक संस्था ठरवते. एचओए आकाशात रेघ मारू शकत नाही, पण सामाईक जागेवरून ड्रोन उडवायला आणि उतरवायला बंदी घालू शकते. 'आमच्या घरावरची हवा आमची' हा वादही जुनाच आहे. नॉर्थ कॅरोलिनातल्या कॉस्बी नावाच्या कोंबडीवाल्याच्या शेडवरून लष्करी विमानं इतकी खालून जायची की कोंबड्या बिथरून भिंतींवर आपटून मरायच्या. 1946 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मालकी वर अनंतापर्यंत जात नाही, पण घराला लगटून असलेल्या हवेवर मालकाचा हक्क राहतो. म्हणजे हा खटला तुमच्याही कामाचा आणि शेजारणीच्याही.

आता दंड. मी आमच्या एचओएच्या बोर्डावर तीन वर्षं होते, अशी पत्रं मीही धाडली आहेत. खरं सांगू, त्यातली बरीचशी 'उपद्रव' या एका शब्दाच्या आधारावर उभी असायची. म्हणून आधी लेखी विचारा: कोणतं कलम? बोर्डानं नवा नियम केला असेल, तर तो करण्याआधी 28 दिवस सभासदांना सूचना द्यावी लागते. दंड ठोठावण्याआधी किमान 10 दिवसांची नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी हवी. तुमच्या पत्रात थेट 'भरा' असेल, तर यावरच बोट ठेवा. पण घर घेताना सही केलेल्या सीसी अँड आरमध्येच (वसाहतीच्या मूळ नियमपत्रातच) ड्रोनबंदी असेल, तर निमूट भरा. त्यात तुमच्या परसाबद्दलही काही म्हटलंय का, तेही बघा.

शेजारणीला वेडी ठरवू नका. ड्रोनचा आवाज कानाशी घोंघावणाऱ्या डासासारखा, आणि खालून बघणाऱ्याला फक्त कॅमेरा दिसतो, रिमोटमागे बारा वर्षांचं पोर आहे हे दिसत नाही. कोणाच्या जागेवरच्या हवेत शिरून त्याचे खासगी क्षण टिपले, तर कॅलिफोर्नियात 2016 पासून त्याविरुद्ध कायदा आहे. मुलाला घेऊन जा, स्क्रीनवर नेमकं काय दिसतं ते त्यांना दाखवा.

मुलानं ट्रस्ट, म्हणजे हौसेनं ड्रोन उडवणाऱ्यांसाठीची एफएएची सुरक्षा परीक्षा दिली आहे का? ती फुकट, ऑनलाइन आहे आणि हलक्या ड्रोनलाही लागते. वजनाचं मात्र जपा. मोठी बॅटरी किंवा पंख्यांची जाळी लावली की काटा 250 ओलांडतो, मग 5 डॉलरची नोंदणी आणि रिमोट आयडी (ड्रोननं हवेतून आपली ओळख प्रसारित करणं) आलाच. नोंदणीला वय 13 लागतं, म्हणजे ती तुमच्या नावावर. 400 फुटांच्या खाली, नजरेच्या टप्प्यात. विमानतळ जवळ असेल तर आधी लान्स या एफएएच्या ऑनलाइन यंत्रणेतून परवानगी.

सुनावणीला ट्रस्टचं प्रमाणपत्र न्या. ड्रोन नेऊ नका. आमच्या सभेत एकानं नेला होता, तो चालूच झाला.