मुलाच्या लग्नाआधी चेहऱ्याचं लेझर करू का?

प्रश्न: डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझं वय ५१. आम्ही हर्णैचे, मासळीचा धंदा. लग्न होऊन आले त्याला तीस वर्षं झाली, ती सगळी खळ्यात बोंबील आणि सोडे सुकवण्यात गेली. मार्गशीर्षात मुलाचं लग्न आहे. साखरपुड्याचे फोटो बघितले तर मी नवऱ्याची थोरली बहीण दिसते. दोन्ही गालांवर वांग, कपाळावर आठ्या, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या, हनुवटीखाली कातडी लोंबते. शहरातल्या एका सेंटरवाल्यांनी लेझरच्या चार सिटिंगचं पॅकेज सांगितलंय. म्हणाले, वरची साल निघून आतली कोवळी कातडी येईल, काही त्रास नाही. घरात सगळे हसतात. करू का?
ता. क. मैत्रिणीने सांगितलेली गोरं होण्याची ट्यूब दोन वर्षं रात्री लावते. आधी छान फरक पडला. आता दोन दिवस नाही लावली की तोंड लाल होतं, आग होते, म्हणून सोडवत नाही.

उत्तर: ताई, हसणाऱ्यांना हसू दे. मुलाच्या लग्नात आईला चांगलं दिसावंसं वाटलं तर त्यात चुकलं काय? पण पत्रातली सगळ्यांत मोठी गोष्ट तुम्ही ताज्या कलमात ढकललीत, म्हणून मी तिथूनच सुरू करते.

अशा ट्यूब मी रोज बघते. बाई पिशवीतून रुमाल काढते, रुमालातून ट्यूब. खोका कधीच फेकलेला, नाव अर्धं पुसलेलं, शेपूट गुंडाळत गुंडाळत गळ्यापर्यंत आलेलं. भिंग लावून वाचलं की बहुतेक वेळा तीन औषधं निघतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं एखादं स्टेरॉइड. वांगावर हे मिश्रण आम्हीही देतो, पण काही आठवड्यांपुरतं आणि नजरेखाली. दोन वर्षं लावलं तर कातडी कागदासारखी पातळ होते, गालावर लाल शिरांची जाळी दिसायला लागते, कुणाला पुरळ येतं, कुणाला लव वाढते. बंद केलं की तोंड पेटतं. बाईला वाटतं, औषध सोडलं म्हणून वांग उसळलं, की पुन्हा लावते. तुमचं नेमकं हेच चाललंय असं मला वाटतं. तेव्हा ट्यूब घेऊन आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ती हळूहळू कशी सोडवायची ते तुमचा चेहरा बघूनच ठरेल. पहिले काही आठवडे लाली वाढेल, तेव्हा घाबरून परत ट्यूबकडे वळू नका.

चेहरा शांत होईपर्यंत लेझर नाही, पील (ॲसिड लावून वरची साल काढणं) नाही, पार्लरमधलं ब्लीचसुद्धा नाही. याला काही महिने लागतात. म्हणजे लग्नाआधी लेझर बसत नाही, हे आत्ताच सांगून टाकते.

तरी पॅकेजमध्ये काय विकतायत ते कळलेलं बरं. एक करून बघा. आरशासमोर उभ्या राहून दंडाची आतली बाजू गालाजवळ धरा. दोन्ही कातड्या ५१ वर्षांच्याच, पण दंडाची मऊ, एकरंगी आहे ना? मधला फरक वयाचा कमी, उन्हाचा जास्त. कपाळावर जिथवर पदर येतो तिथंही रंगाची रेघ सापडेल. आणि पदर फक्त वरचं ऊन अडवतो. कोरड्या वाळूवरून साधारण १५ टक्के अतिनील किरण उलटून वर येतात, लाटांच्या फेसावरून २५ टक्क्यांच्या आसपास. खळ्यात वाकून काम करणारीचा चेहरा खालूनही भाजत असतो.

लेझरने साल काढतात म्हणजे मोजूनमापून भाजतात. कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण कातडीतलं पाणी तापवतो आणि तेवढी जागा वाफ होऊन उडते. १९९० च्या दशकात अख्खा चेहरा असा सोलायचे, मग कित्येक महिने लाली. २००४ मध्ये फ्रॅक्शनल पद्धत आली. तिच्यात बारीक बारीक ठिपकेच भाजतात, मधली कातडी शाबूत राहते आणि तीच जखमा भरून काढते. भाताची रोपं लावताना आपण मधे जागा सोडतो, तशी. आठवडाभर चेहरा लाल आणि खरखरीत, पुढचे तीन ते सहा महिने आत नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला ताठ ठेवणारे धागे, बनत राहतं. बारीक सुरकुत्या, मुरुमांचे खड्डे यांना चांगला उपयोग होतो. लोंबणारी कातडी त्याने फारशी वर जात नाही. आणि वांग? वांगावर उष्णता पडली की तो बरेचदा अधिक काळा होतो. पॅकेजवाल्यांनी हे सांगितलं का?

आपल्या कातडीची खोड अशी की तिला कुठंही दुखवलं की ती तिथं काळं देते. कातडीचा रंग आणि तिच्यावर उन्हाचा परिणाम मोजायच्या फिट्झपॅट्रिक यांच्या सहा प्रकारांच्या मापात आपण बहुतेक जण चौथ्या-पाचव्यात. हे मी पुस्तकातून शिकले नाही. एमडी करताना उत्साहात डाव्या हातावर रुपयाएवढ्या जागेत पीलसाठी वापरतात ते ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड लावून बघितलं होतं. झकास पांढरा थर आला, पाचव्या दिवशी साल गेली, खाली गुलाबी कातडी. मी खूश. तिसऱ्या आठवड्यात तिथं काळा डाग उगवला तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुक्कामाला. तेव्हापासून कुणी ‘काही त्रास नाही’ म्हणालं की माझा हात आपोआप बाहीखाली जातो.

तर आता काय करायचं? मृग लागला म्हणून ऊन संपलं असं धरू नका. यूव्हीए हे अतिनील किरण ढगांतून आणि खिडकीच्या काचेतूनही येतात. सनस्क्रीन किमान ३० एसपीएफचं (उन्हापासून बचावाचा आकडा, ट्यूबवर लिहिलेला असतो), झिंक ऑक्साइडवालं, आणि शक्यतो कातडीच्या रंगाचं घ्या. त्यातलं आयर्न ऑक्साइड साधा उजेडही अडवतं, वांगाला त्याचाही त्रास होतो. तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबभर काढा, तेवढं सगळं चेहऱ्या-मानेला. घामाच्या कामात दर दोन तासांनी पुन्हा. शिवाय रुंद काठाची टोपी. खळ्यात टोपी बघून बायका चिडवतील, चिडवू दे.

लाली ओसरली की डॉक्टर कदाचित ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के सुरू करतील, एक दिवसाआड रात्री, वाटाण्याएवढं. सुरकुत्यांवर फरक दिसायला तीन ते सहा महिने. (गरोदरपणात ते चालत नाही, तेव्हा लग्नानंतर प्रेमाने सुनेला देऊ नका.) लग्नानंतर हवं असेल तर ग्लायकोलिक किंवा मँडेलिक ॲसिडचे हलके पील, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने चार-सहा वेळा. त्यानंतरही आठ्या खुपल्या तर फ्रॅक्शनल लेझरचा विचार करा. मशीन कोण हातात धरणार ते विचारा, कानापुढे छोट्या जागेवर आधी चाचणी करायला लावा. ओठांवर वारंवार पाण्याचे फोड येत असतील किंवा जुनी जखम फुगून गाठ झाली असेल, तर ते स्वतःहून सांगा.

आणि पॅकेजचे पैसे आगाऊ भरू नका.

प्रश्न: वय ६४, वेंगुर्ले. नाकाशेजारी तपकिरी, खरखरीत चामखीळ आहे, चिकटवल्यासारखी. काजूबीच्या टरफलाचं तेल लावून जाळू का?

उत्तर: नका हो काका. ओले काजूगर सोलणाऱ्या बायकांचे हात बघितलेत ना? राख, खोबरेल लावूनही बोटांची साल जाते नि काळी पडतात. नाकाशेजारी डोळा किती जवळ! या वयातल्या अशा चामखिळी बहुतेक निरुपद्रवी असतात, जागा बधिर करून विजेच्या सुईने दहा मिनिटांत निघतात. मात्र ती भराभर वाढत असेल, रक्त येत असेल किंवा खपली पडून पुन्हा धरत असेल, तर याच आठवड्यात दाखवा. तोवर दाढी करताना तिच्यावरून ब्लेड फिरवू नका.