पीपीई किट काढताना नेमकी काय काळजी घ्यायची?

तुम्ही लिहिलंय की जीएनएमचं (नर्सिंगच्या पदविकेचं) शेवटचं वर्ष चालू आहे, पुढच्या महिन्यात आयसोलेशन वॉर्डात पोस्टिंग आहे, आणि पीपीई किट, म्हणजे संसर्गापासून बचाव करणारा पोशाख, घालायला शिकवलं तरी काढण्याचा सराव कुणी करून घेतलेला नाही. मी इन्फेक्शन कंट्रोलचं काम बघणारी सिस्टर आहे. तुमची काळजी अगदी रास्त आहे. घालताना किट स्वच्छ असतं. काढायची वेळ येते तेव्हा त्याच्या पुढच्या बाजूवर जंतू बसलेले असतात आणि आपण घामाघूम, दमलेल्या, कधी एकदा बाहेर पडतो अशा घाईत असतो.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात काही रुग्णालयांनी हे तपासून पाहिलं होतं. तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. कर्मचाऱ्यांच्या ग्लोव्हजना विशिष्ट दिव्याखाली चमकणारं लोशन लावलं आणि गाऊन-ग्लोव्हज काढायला सांगितले. अशा ४३५ प्रयोगांपैकी ४६ टक्के वेळा लोशन कातडीला किंवा कपड्यांना लागलेलं दिसलं. जिथे काढताना चूक झाली तिथे हे प्रमाण ७० टक्के होतं, पण पद्धत बरोबर असतानाही ३० टक्के होतं. म्हणूनच हात धुण्याच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. हातांवर काही दिसत नसलं तरी धुवायचे. हँडरब (हातांना चोळायचं सॅनिटायझर) असेल तर २० ते ३० सेकंद, साबण-पाणी असेल तर ४० ते ६० सेकंद.

आता क्रम. गाऊनचं किट असेल तर साधारणपणे आधी ग्लोव्हज, मग गॉगल किंवा फेस शील्ड, मग गाऊन आणि सगळ्यात शेवटी मास्क. काही ठिकाणी गाऊन आणि ग्लोव्हज एकत्र काढतात, तेही चालतं. तुमच्या वॉर्डात भिंतीवर जो क्रम लावलाय तोच पाळा, दोन पद्धतींची सरमिसळ करू नका. पहिला ग्लोव्ह बाहेरून धरून उलटा सोलायचा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत ठेवायचा. मग उघडं बोट दुसऱ्या ग्लोव्हच्या आत, मनगटाच्या बाजूने सरकवून तोही उलटा काढायचा. शील्ड मागच्या पट्ट्याला धरून काढा. गाऊनच्या नाड्या सोडल्या की तो खांद्यांवरून पुढे ओढत, आतली बाजू बाहेर येईल असा, अंगापासून लांब धरून गुंडाळा. झटकायचा अजिबात नाही. एन-९५ खोलीच्या बाहेर येऊन, दार लावून मगच काढायचा: आधी खालचा पट्टा, मग वरचा, आणि मास्कच्या पुढच्या भागाला हात न लावता. लगेच हात धुवा. मधल्या टप्प्यांतही हाताला काही लागल्याची शंका आली तर तिथेच थांबून हँडरब लावा आणि मग पुढे जा.

काढणं सोपं जावं म्हणून घालतानाच विचार करावा लागतो. अंगठी, बांगड्या, घड्याळ, मंगळसूत्र आधीच काढून ठेवा. पाणी पिऊन, बाथरूमला जाऊन या. एन-९५ च्या आत सर्जिकल मास्क घालू नका, कडेने हवा शिरते. आणि भीतीपोटी तीन-तीन ग्लोव्हज किंवा जागोजागी चिकटपट्टी हा प्रकार टाळा. चिकटपट्टी ओढून फाडताना हिसका बसतो आणि जे नको तेच उडतं.

एकटीने काढू नका. २०१४ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात इबोला या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराच्या एका रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या दोन नर्सेसना लागण झाली. त्यानंतर सीडीसी या अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेने इबोलासाठीचे नियम बदलले: किट घालताना आणि काढताना प्रत्येक वेळी एक प्रशिक्षित व्यक्ती समोर उभी राहून बघेल. आपल्याकडे दर ड्युटीला वेगळा माणूस मिळणं कठीण आहे, हे मला माहीत आहे. तरीही मैत्रिणीला समोर उभं करा आणि तिला एकेक पायरी मोठ्याने सांगायला लावा. ती "थांब" म्हणाली की थांबायचं, ती ज्युनिअर असली तरी.

सरावासाठी महागडं काही लागत नाही. ग्लोव्हजना ओली हळद चोळा, पांढरा जुना कोट घाला आणि सगळं काढून बघा. मनगटावर नाहीतर गळ्याशी पिवळा डाग दिसेल, तिथे तुमचा हात चुकतोय. पोस्टिंगच्या आधी डाग दिसेनासा होईपर्यंत करत राहा.

काढलेलं सामान कुठे टाकायचं तेही महत्त्वाचं आहे, कारण ती पिशवी पुढे मावशी उचलणार असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोविडकाळातल्या सूचनांप्रमाणे ग्लोव्हज, गॉगल, शील्ड लाल पिशवीत. मास्क, टोपी, शू-कव्हर आणि प्लॅस्टिक नसलेला गाऊन पिवळ्या पिशवीत.

मध्येच ग्लोव्ह फाटला किंवा हात चेहऱ्याला लागला, तर लपवू नका. काम सोडून बाहेर या, तो भाग धुवा, लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगा आणि रजिस्टरमध्ये नोंद करायला लावा. त्या रागावतील म्हणून गप्प राहिलात, तर पुढचे उपचार वेळेवर मिळणार नाहीत.